दादरची उशी

मे महिन्यात पाचोऱ्यात कोणी शेकाची गोष्ट काढली तर लोक त्याला सावलीत बसवून आधी कांदा फोडून हुंगायला देतील. पारा 45 ला टेकलेला, पंखा गरम हवा नुसती इकडची तिकडे करतोय, हिवरा नदीच्या पात्रात पाण्याऐवजी ऊन वाहतंय, आणि अशात हा गृहस्थ म्हणतो पाठीला जरा ऊब हवी होती! पूर्वी तर उन्हाळ्यात शेकासाठी वेगळी खटपट करावीच लागत नसे. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीत, म्हणजे आमच्या पीजेत, दुपारी बसायचं. डब्याचं छत आणि खालची फळी दोघं मिळून जामनेरपर्यंतच्या 56 किलोमीटरमध्ये मानेपासून माकडहाडापर्यंत सगळं शेकून देत, तेही तिकिटाच्या पैशात. ती गाडी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता मार्ग ब्रॉडगेज होतोय. नव्या डब्यात पाठ शेकेल असं काही वाटत नाही.

पण खान्देशात थंडीही पडते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. ते डिसेंबरात पातळ शर्टावर येतात, रात्री भरीत-भाकरीवर ताव मारतात आणि पहाटे गोधडीत शिरून आपल्या चुलत्याला शिव्या घालतात की आधी सांगितलं का नाही. जळगाव जिल्ह्यात त्या दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो. आणि नेमके हेच दिवस कापूस वेचणीचे. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बायका दिवसभर वाकून बोंडं वेचतात, कमरेला ओटी बांधून तीत कापूस भरतात, आणि संध्याकाळी घरी आल्या की प्रत्येक अंगणातून एकच वाक्य ऐकू येतं, "कंबर दुखस वं माय." खान्देशाच्या कापसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, जिनिंगबद्दल, भावाबद्दल, बोंडअळीबद्दल. त्या कमरेबद्दल फारसं कोणी लिहिलेलं नाही.

या कमरेची सोय घरात असायचीच. तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधलेली पुरचुंडी. खडेमिठाची पुरचुंडी. टाचदुखीला विटेचा तुकडा चुलीत तापवून, त्यावर रुईचं पान ठेवून त्यावर टाच टेकायची. बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, आणि शेगडीत ओवा-शेपा टाकून धुरी. या सगळ्यात औषध किती आणि आग किती हे सांगणं कठीण. पण एक गोष्ट पक्की होती, की शेक द्यायला दुसरं माणूस लागायचं. तव्यापाशी एकजण आणि पाठ उघडी टाकून पालथं पडलेला दुसरा. तव्यापाशी बहुधा सून असे. पुरचुंडी किती तापली हे ती आपल्या मनगटावर बघायची. कधीकधी सासूवरचा राग मनात असला की बघायची विसरायची.

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला तो मुलानं पुण्याहून पाठवला म्हणून. पहिली दोन वर्षं तो देवघराशेजारी भरतकामाचा रुमाल पांघरून बसला होता. आत लाइट बिलं, वर गणपतीची मूर्ती. मग कोणीतरी सांगितलं की यात पापड तेलाशिवाय भाजता येतो, तेव्हा बिलं बाहेर आली. पुढं चहा गरम करण्यापर्यंत त्याची मजल गेली. या यंत्राचा जन्मही असाच खिशातल्या खाऊतून झाला म्हणतात. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट 1945 साली वितळलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांनी बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि सुमारे 340 किलो वजनाची होती. ती कोणी पाचोऱ्याला भेट पाठवली असती तर तिच्यावर अख्खी आरास मांडता आली असती.

मायक्रोवेव्हवरच्या शेकाची खरी सुरुवात झाली ती भाची जर्मनीहून आली तेव्हा. तिनं माझ्यासाठी एक उशी आणली. दिसायला साधी, चौकड्यांच्या कापडाची, हलवली की आत खळखळ. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये चेरी खाऊन झाली, तिची दारू काढून झाली, की बिया धुऊन, वाळवून अशा उशांत भरतात. पूर्वी त्या शेगडीवर तापवत, आता मायक्रोवेव्हमध्ये. सासूबाईंनी उशी हातात घेतली, कानाशी नेली, नाकाशी नेली.

"हाई काय शे?"

"आजी, चेरीच्या बिया आहेत. गरम करून पाठीला लावायच्या."

"कितीले?"

भाचीनं युरोत सांगितलं, मग आमच्या आग्रहाखातर रुपयांत सांगितलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एवढ्यात घरात महिन्याची दादर येते हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची टपोरी ज्वारी. मुंबईकरांनी दचकू नये. उष्टी बी धुऊन परत विकायची, ही अक्कल आपल्या लोकांना कशी सुचली नाही, एवढंच त्या शेवटी म्हणाल्या, आणि ते कौतुकानं म्हणाल्या.

पण त्या रात्री उशी त्यांच्याच कमरेखाली होती.

चेरी खान्देशात पिकत नाही. मग आपण काय भरायचं, यावर आमच्या ओट्यावर जी चर्चा झाली ती बाजार समितीत शोभली असती. पहिली सूचना सरकीची आली, कारण या तालुक्यात सरकीला तोटा नाही. पण सरकीच्या अंगावर कापसाची लव राहते, आत तेल, आणि हे दोन्ही मिळून आगीला आमंत्रण. शिवाय म्हशीच्या तोंडचा घास. जवस चांगली तापते आणि अंगाला मऊ लागते, पण तिच्यातही तेल भरपूर, महिना दोन महिन्यांत उशीला खवट वास सुटतो आणि पाठ बरी वाटली तरी माणूस चटणी नासल्यासारखा वास मारतो. चिंचोके हे माझ्या मते चेरीच्या बियांचे आपल्याकडचे सख्खे भाऊ. टणक, गुळगुळीत, फुकट. ते तापतातही बरे. फक्त पाठीला टोचतात, आणि घरातली पोरं उशी उसवून सारीपाट मांडतात. मीठ आणि वाळू तव्यावर भराभर तापतात, म्हणून त्यांचीही शिफारस झाली. पण मायक्रोवेव्हची लाट मुख्यत्वे पाण्याच्या कणांना हलवते, आणि कोरड्या मिठात नि वाळूत पाणी कुठलं? बराच वेळ फिरवूनही ती कोमटच राहतात. धान्याचं तसं नाही. आपण कोठीत भरतो ते वाळलेलं धान्यसुद्धा शंभरात दहा-बारा भाग पाणी पोटात ठेवून असतं. शेक आपल्याला मिळतो तो त्या दाण्याच्या पोटातल्या पाण्याचा.

म्हणजे उरले गहू, तांदूळ आणि दादर. इथं सासूबाईंनी हात वर केला.

"दाना खावाले ऱ्हास, आंगले लावाले नही."

याला उत्तर नव्हतं. ज्या घरात जेवताना पानाबाहेर पडलेलं शीत उचलून कपाळाला लावतात, तिथं दोन किलो दादर उशीत कोंबून तिच्यावर पाय टाकून झोपायचं, हे मलाही पचत नव्हतं. दुष्काळाची वर्षं त्यांनी बघितली आहेत. 1972 साली दुष्काळी कामाच्या खडीवर राबून मिळालेली लाल मिलो ज्वारी त्यांनी भाजून, दळून, नाक मुरडत खाल्ली आहे. अशा माणसाला धान्याच्या उशीचं महत्त्व पटवायला जर्मनी कामाची नाही.

मग मी चरकाला बोलावलं. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय सगळा स्वेदनावर आहे, म्हणजे शेकावरच. अग्नीच्या मदतीनं द्यायच्या शेकाचे तेरा प्रकार त्यात सांगितलेत. त्यात पुरचुंडीत बांधून द्यायच्या शेकासाठी तीळ, उडीद, कुळीथ, शिजवलेला भात, खीर आणि खिचडीसुद्धा चालते. म्हणजे खायची वस्तू अंगाला लावण्याचा गुन्हा आपल्याकडे दोन हजार वर्षं तरी चालू आहे. केरळात आजही साठ दिवसांत पिकणारा साठीचा तांदूळ दुधात आणि काढ्यात शिजवून, पोटली बांधून अंग चोळतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. चरकाची यादी पुढंही जाते. कफाच्या दुखण्याला तो गाय, गाढव, उंट, डुक्कर आणि घोडा यांच्या शेणा-लिदीचा शेक सांगतो, शिवाय कोंड्यासकट जव, वाळू, दगड, गोवरी, लोखंड. मी यादी वाचली तेव्हा आमचे हे पेपरमागून म्हणाले, "उंटाची लीद मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची असेल तर आधी मला सांग. मी शेतावर राहायला जातो."

सासूबाईंचं समाधान चरकानं झालं की लिदीपेक्षा दादर बरी या विचारानं, कोण जाणे. त्यांनी एक अट घातली. चाळताना चाळणीखाली पडणारी बारकी, चिमलेली दादर उशीला घ्यायची, टपोरी भाकरीला. तोडगा असा निघाला.

आता शिवणाचं. ही पिशवी शिवणं म्हणजे उशीचा अभ्रा शिवण्याइतकं सोपं असं कोणी सांगितलं तर त्यानं शिवलेली नाही असं खुशाल समजावं. कापड सुतीच हवं, अगदी शंभर टक्के. टेरिकॉट, पॉलिस्टर तापलं की वितळतं. कापडापर्यंत सगळ्यांच्या लक्षात येतं, दोऱ्याचं येत नाही. बाजारात मागितलं तर पॉलिस्टरचंच रीळ पुढं येतं. मी सुती मागितलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, ते आता कोण घेतं? याला बघा, हत्ती बांधला तरी तुटणार नाही." मला हत्ती बांधायचा नव्हता. अखेर मागच्या फळीवरून धूळ झटकत त्यानं पांढरं सुती रीळ काढलं. चेन नाही, टिचबटण नाही, जरीचा काठ तर मुळीच नाही; धातू आत गेला की मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. तेव्हा लग्नातल्या आहेराच्या साड्या या कामाला बाद.

आतल्या पिशवीला मांजरपाट घेतला. वरच्या खोळीला सासूबाईंनी पेटीतून आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, धोतर काढून दिलं. इतकी वर्षं धुऊन धुऊन ते असं मऊ झालं होतं की कात्री लावायला हात धजेना. त्याच म्हणाल्या, काप, त्यायले काय आते नेसानं शे?

कमरेची पिशवी दोन विती लांब आणि एक वीत रुंद पुरते. ती एकसंध शिवली की सगळी दादर एका टोकाला जमते आणि दुसऱ्या टोकाला नुसतं कापड लोंबतं. म्हणून कप्पे पाडायचे. तीन बाजूंनी टीप मारून पिशवी उलटायची, पहिला कप्पा भरायचा, आडवी टीप घालायची, मग दुसरा. सांगायला एवढंच आहे. पण भरलेली पिशवी मशिनखाली सरकवताना एखादा दाणा हटकून टिपेच्या रेषेत येऊन बसतो, सुई त्याच्यावर पडते आणि टक् आवाज होतो. सुई मोडल्याचं दुःख असतंच, शिवाय तो मोडका तुकडा उशीत गेला नाही ना याची शोधाशोध. उपाय असा की टीप घालायच्या जागी दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून दाणे अडवायचे, आणि मशिनचं चाक हातानं फिरवत एकेक टाका घालायचा. काम झालं की टाचण्या मोजून परत डबीत. दादर भरायला मी तेलाचं नरसाळं घेतलं, त्यात ती अडकली. मग पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून त्यातून ओतली, झरझर गेली. आणि कप्पा गच्च भरायचा नाही. दोन भाग दादर, एक भाग रिकामी जागा. गच्च भरली की ती गुडघ्यावर वळत नाही, आणि मग आपल्या आजीची वीट काय वाईट होती?

जर्मन उशीत काही जण लव्हेंडर घालतात. मी मूठभर ओवा घातला. परिणाम वेगळाच झाला. पिशवी तापून बाहेर आली की घरभर ताज्या भाकरीचा वास सुटतो, मागून ओव्याचा. सासूबाईंच्या कमरेला ती बांधली, त्या डोळे मिटून पडल्या. आता काही आध्यात्मिक ऐकायला मिळणार म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "बरं वाटस. पन माले भूक लागनी." तेव्हापासून आमच्याकडे शेक संध्याकाळी सहाला, स्वयंपाक साडेसहाला.

गल्लीत ही बातमी पसरायला पेपर लागत नाही. एसटीतून निवृत्त झालेले शेजारचे नाना ड्रायव्हर पाठीचं माप द्यायला आले, शिंप्याकडे येतात तसे. आयुष्यभर त्यांनी पाचोरा आगाराच्या गाड्या हाकल्या. रस्त्यांचे सगळे खड्डे त्यांच्या मणक्यात नोंदलेले आहेत. समोरच्या काकूंना मानेसाठी चंद्रकोरी आकाराची हवी होती. त्यांच्या सुनेला महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी पोटावर ठेवायला लहानशी, आणि हे तिनं माझ्या कानात सांगितलं, पण काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन शिव. एक मला." कमाल म्हणजे काकूंचं वय सत्तर. ऊब मागायला कारण लागतं, एवढंच त्याचं इंगित.

अडचणीही आल्याच. पावसाळ्यात पिशवीत टोके पडले. कोठीतल्या ज्वारीला कडुलिंबाचा पाला घालतो तसा उशीत घालता येईना, कारण तो टोचतो आणि त्याचा वासही उग्र. मग पिशवी दोन-तीन दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून घेतली. ज्यांच्याकडे कप्पा नव्हता त्यांच्या उशीतले टोके पुढच्या शेकाला भाजून निघाले. शाकाहारी घरात यावर चर्चा न करणं बरं. एका बाईंनी उशी धुतली, दोन दिवसांनी तिला मोड आले. म्हणून वरची खोळ वेगळी शिवायची असते, धुवायची ती. आणि वीज. संध्याकाळी सगळ्यांच्या कमरा दुखायच्या वेळेलाच ती जाते. मग पुन्हा तवा, पुन्हा फडकं, पुन्हा तव्यापाशी सून. सासूबाई अशा वेळी विशेष खूश दिसतात, असं माझं निरीक्षण आहे.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं, कारण ही उशी दिसते तितकी गरीब नाही. प्रत्येक वेळी तापवली की दाण्यातलं थोडं पाणी उडतं. वर्ष-सहा महिन्यांत दाणा कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरडा दाणा तापवत राहिलं की तो आतून करपतो, धुमसतो. बाहेरून कळतही नाही. अशी उशी पांघरुणात गुंडाळून ठेवली तर आत साचलेल्या उष्णतेनं पेट घेऊ शकते. ब्रिटनमध्ये अशा गव्हाच्या पिशव्यांनी घरांत आगी लागल्या आहेत, तिथली अग्निशमन दलं लोकांना त्याबद्दल बजावतात, आणि या पिशव्यांसाठी 2004 साली बीएस 8433 नावाचं प्रमाणही केलं गेलं. आपल्याकडे प्रमाण म्हणजे सासूबाईंचं मनगट.

तेव्हा कोणाला शिवायचीच असेल तर माझं मत दादरला आहे. गव्हापेक्षा तिचे दाणे गोल असतात, अंगावर सरकतात, टोचत नाहीत, आणि वास तर विचारूच नका. अर्ध्या किलोची पिशवी एक मिनिट तापवा, बाहेर काढून चाळवा, हात लावून बघा, कमी वाटली तर अर्धं मिनिट आणखी. सोबत मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवा म्हणजे दाणे फार कोरडे पडत नाहीत. पूर्ण थंड झाल्याशिवाय दुसऱ्यांदा तापवू नका. अंगाखाली घेऊन झोपू नका, आणि गादीत ठेवून तर मुळीच विसरू नका. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि तळपायाची जाणीव कमी झाली आहे त्यांच्या पायाला कुठलाच शेक नको. भाजलं तरी त्यांना कळत नाही. तान्ह्या बाळाला नको. मुरगळलेल्या पायाला पहिले दोन-तीन दिवस बर्फ, शेक नंतर. करपल्याचा वास आला की दाणे टाकून द्या, हळहळू नका. चाळणीखालची दादर होती. आणि लाह्यांचा मका भरू नका. नानांच्या नातवानं भरला होता, घरातच होता म्हणून. पिशवी फुगली, टिपा उसवल्या आणि मायक्रोवेव्हचं दार उघडल्यावर त्यांनी शेक सोडून मीठ शोधलं.